मागे काहीतरी आहे

गाडी घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी तिला मागे काहीतरी दिसायला लागलं. काकूंनी रिव्हर्स गिअर टाकला की ती किंचाळायची. म्हणजे आधी टीं, मग जरा थांबून टीं, असं सभ्यपणे सावध करणारं ते ओरडणं नव्हतं. थेट शेवटचं, आता धडकलातच म्हणून समजा, असं एकसलग टीईईई. समोरच्या छोट्या पडद्यावर लाल पट्टा यायचा आणि खाली अक्षरं यायची, 'मागे अडथळा'. मागे आवाराची मोकळी फरशी असायची आणि तीस फुटांवर एक भिंत, जिला या गाडीत काडीचा रस नव्हता.

पहिले दोन दिवस गाडी मागे घ्यायची वेळच आली नव्हती. जुन्या गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने ती स्वतः वळवून, तोंड रस्त्याकडे करून, चावी काकूंच्या हातात दिली होती. केवढी ही सोय, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

गाडी काकूंची. अठरा वर्षं शिवणाचा क्लास चालवून साठवलेल्या पैशांतून घेतलेली, त्यांच्याच नावावर, आणि चालवायच्याही त्याच. दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या आपल्या आईला दर महिन्याला चार दिवस घरी आणायचं, एवढाच त्यामागचा हेतू. काकांना गाडी येत नव्हती. पण निवड काकांची होती, आणि दुखणं नेमकं तिथेच होतं.

काकांना सगळी इमारत नियमकाका म्हणायची. पाणी खात्याच्या तक्रार विभागात ते बावीस वर्षं एकाच खुर्चीवर बसले होते आणि एवढ्या काळात त्यांच्या टेबलावरून एकही अर्ज अपुरा असताना पुढे गेला नव्हता. पुरा अर्ज असा त्यांनी फारसा पाहिलाच नव्हता, त्यामुळे एकूणच फारसं काही पुढे गेलं नव्हतं, हा भाग वेगळा. कंपनीने तीन गाड्या दाखवल्या तेव्हा काकू एकेका गाडीत बसून स्टिअरिंग फिरवून बघत होत्या आणि काका ऑफिसात बसून फायली बघत होते. तिसऱ्या गाडीची फाइल बघून त्यांचे डोळे पाणावले. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर सही, शिक्का बरोबर सहीच्या डाव्या बाजूला. एकशे चाळीस मुद्द्यांचा तपासणी अहवाल, एकही रकाना रिकामा नाही. 'हीच घे,' म्हणाले, 'हिच्यात बोट ठेवायला जागा नाही.' फाइल इतकी देखणी होती की गाडी बघायचं राहूनच गेलं.

आता काकू काही बोलल्या नाहीत. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या बाईला बोलायची गरज नसते. चौथ्या दिवशी गाडीतून उतरताना त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "कागद छान चालतायत तुमचे."

पहिलं निदान समोरच्या फ्लॅटमधल्या दातांच्या डॉक्टरांनी केलं. रविवारी सकाळी ते आरसा लावलेली बारीक सळी घेऊन खाली आले. मागच्या बंपरवर चार सेन्सर ओळीने बसवलेले होते. डॉक्टरांनी मांडी घालून एकेकावर टकटक केली, कान लावला, आणि डावीकडून तिसरा कायमचा गेलाय, मुळापासून, असं जाहीर केलं. काढून टाकलेला बरा, नाहीतर शेजारच्यांना लागण होईल. काकांनी घाबरून विचारलं की बाकीचे वाचतील का. डॉक्टरांनी पेशंटच्या नातेवाइकांकडे बघतात तसं त्यांच्याकडे बघितलं आणि खांद्यावर हात ठेवला.

इमारतीतल्या इतरांनीही हात आखडता घेतला नाही. कोणी टूथपेस्टने पुसायला सांगितलं, कोणी बॅटरी काढून गाडीला दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यायला. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंचं म्हणणं होतं की गाडीच्या आधीच्या मालकाला शोधून काढा आणि त्याच्या मागे कोण लागलं होतं ते विचारा. काका प्रत्येकाचं ऐकून वहीत लिहून घेत होते. बावीस वर्षांची सवय. तक्रार ऐकायची, नोंदवायची, आणि काही करायचं नाही.

पण करणं भाग पडलं, कारण काकांच्या सासूबाई. काकू त्यांना आणायला गेल्या, दोन्हीकडे पुढे-पुढेच जाऊन निभावलं, पण परत घराशी आल्यावर गाडी जागेवर लावताना ती किंचाळलीच. सासूबाई मागच्या सीटवर होत्या. शरीराने भरलेल्या, आणि त्याबद्दल हळव्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मी बसलेय म्हणून ओरडतेय का ही?" नाही म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण इतक्या घाईने सांगितलं की त्यांचा समज पक्का झाला. चौथ्या दिवशी त्या बसने परत गेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, बसने. पुन्हा त्या गाडीत पाय ठेवणार नाही म्हणाल्या. ज्या एका कामासाठी गाडी घेतली ते कामच संपलं.

दुसऱ्या दिवशी काका गाडीबरोबर गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याने काकूंना गाडी मागे घ्यायला सांगितली, गाडी किंचाळली, आणि त्याने पाना खाली ठेवत काकांना सुचवलं की आधी तुम्ही गाडीच्या मागून बाजूला व्हा. काका ओशाळून बाजूला झाले. गाडी किंचाळतच राहिली. काकांना उगाच बरं वाटलं.

त्याने तिसरा सेन्सर बदलला. डॉक्टरांचं निदान खरं ठरलं म्हणून काकांनी त्यांना फोनही केला. फोन ठेवेपर्यंत गाडी पुन्हा सुरू. मग गॅरेजवाला म्हणाला की एक नवीन आला की जुन्या तिघांचं त्याच्याशी जमत नाही, आणि त्याने उरलेले तीनही बदलले. दहा हजार झाले. तरी तेच. मग त्याने डिकीच्या आतली एक काळी डबी दाखवली आणि हा या चौघांचा मेंदू असल्याचं सांगितलं. मेंदू सात हजारांचा होता. काकांनी मेंदू बदलायला परवानगी दिली. संध्याकाळी गाडी घरी आली ती गप्प. रिव्हर्स टाकला, गप्प. पुन्हा टाकला, गप्प. काकू आनंदाने हसल्या, काकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि गाडीने दातांच्या डॉक्टरांच्या बायकोची मोगऱ्याची कुंडी शांतपणे, एक शब्दही न बोलता, फोडली.

नव्या मेंदूची वायर जोडायची राहिली होती. ती जोडल्यावर गाडी पुन्हा पूर्वीसारखी ठणठणीत ओरडायला लागली. मजुरीचे दोन हजार वेगळे. कुंडी वेगळी, तिचा तर विषयच काढायची सोय राहिली नाही, कारण डॉक्टरांच्या बायकोने विषय काढणंच बंद केलं, आणि त्यांच्याशी बोलणंही.

डेंटिस्ट झाला तसा शेवटी डेंटिंगवाला झाला. म्हणजे बंपर ठोकून सरळ करणारा आणि रंगवणारा म्हातारा कारागीर, ज्याच्याकडे काकू खरं तर कुंडीचा ओरखडा पुसायला गेल्या होत्या. काका बरोबर होते. म्हाताऱ्याने ओरखड्यावर नख फिरवलं, जरा खरवडलं. रुपेरी रंगाखालून हिरवा रंग निघाला. तो गाडीमागे जमिनीवर चक्क आडवा झाला, एक डोळा मिटून सेन्सरच्या रेषेत बघितलं, आणि उठून हात झटकले.

"काका, ही गाडी खोटं बोलत नाही. हिला खरंच मागे काहीतरी दिसतंय."

"काय दिसतंय?"

"रस्ता."

बंपर या गाडीचा नव्हताच. ही गाडी बनवणाऱ्यांच्याच एका उंच गाडीचा, हिरवा, कधीतरी या गाडीला मागून धडक बसल्यावर कुठल्यातरी भंगारातून आणून, कापून, ठोकून, रुपेरी रंग देऊन बसवलेला. त्यामुळे चारही सेन्सर मान खाली घालून बसले होते. रिव्हर्स टाकला की त्यांना हातभर अंतरावर जमीन दिसायची आणि ते प्रामाणिकपणे ओरडायचे. आधीच्या चार सेन्सरमध्ये काही दोष नव्हता. मेंदू तर अगदी उत्तम होता. नवीन बंपर, रंग, बसवणं मिळून अकरा हजार झाले, आणि गाडी तासाभरात शहाण्यासारखी वागायला लागली. भिंत जवळ आली की टीं, दूर गेली की गप्प.

एकूण तीस हजार. काकूंचे. घरी आल्यावर काकांनी ती देखणी फाइल काढली. मुद्दा क्रमांक सत्त्याण्णव, मागचा बंपर: मूळ, उत्तम. सही, डाव्या बाजूला शिक्का. काका त्या शिक्क्याकडे बराच वेळ बघत बसले. आयुष्यभर ज्या देवावर श्रद्धा ठेवली तोच खिसेकापू निघावा, तसं त्यांना झालं. ते काकूंना म्हणाले, एकेक पैसा वसूल करून आणतो. काकू मशीनवर बाही जोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण मशीन क्षणभर थांबलं.

कंपनीच्या तक्रार खिडकीमागे एक बाई बसायच्या. पन्नाशीच्या, कडक इस्त्रीच्या, चष्म्याची दोरी मानेत. खिडकीच्या काचेला बोलायचं भोक कमरेच्या उंचीवर होतं, म्हणजे तक्रार वाकूनच करावी लागायची. काकांनी वाकून, मुद्देसूद, पाच परिशिष्टांसह अर्ज दिला. बाईंनी पहिलंच पान बघितलं आणि मालक कोण असं विचारलं. मालक पत्नी असल्यामुळे पत्नीचं अधिकारपत्र लागेल, असं सांगून अर्ज परत केला. काका दुखावले, पण आतून थोडे हरखलेही. कारण त्यांनीही पहिल्यांदा मालकीचाच मुद्दा बघितला असता.

काकूंनी अधिकारपत्र लिहून दिलं. 'फक्त या कामापुरते' हे शब्द त्यांनी खाली दोनदा अधोरेखित केले.

दुसऱ्या खेपेला गाडीतून काढलेले जुने सेन्सर बाईंनी मागितले. काका गॅरेजमध्ये धावले. त्यातले तीन मिळाले, चौथा गॅरेजवाल्याने किल्ल्या अडकवायला वापरला होता, तो त्यांनी किल्ल्यांसकट आणला आणि किल्ल्या परत करायला पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला बाईंनी चारही सेन्सर टेबलावर ओळीने मांडले, मोजले, आणि सांगितलं की वॉरंटीच्या काळात बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केल्यास कंपनी जबाबदार नाही, कलम सोळा. मग सेन्सर कशाला मागितले, असं काकांनी विचारलं. "ते नियमाप्रमाणे मागावे लागतात," बाई म्हणाल्या, "तुम्ही आणलेलं सगळं बरोबर आहे. फक्त उपयोगाचं नाही."

काका पायऱ्यांवर येऊन बसले. असं वाक्य त्यांना बावीस वर्षांत सुचलं नव्हतं. रागाने कान तापले होते आणि त्याच वेळी कुठेतरी, एखाद्या भजनीबुवाने दुसऱ्याची तान ऐकून मान डोलवावी, तशी त्यांची मान हलत होती. घरी त्यांनी एवढंच सांगितलं की काम प्रगतिपथावर आहे. हेच वाक्य ते ऑफिसात लोकांना सांगत. काकूंनी ते ओळखलं.

यानंतर आठवड्याने, सकाळी साडेअकराला, पाणी खात्याच्या तक्रार खिडकीपुढे कोणीतरी वाकलं आणि चष्म्याची दोरी आधी आत आली.

त्याच बाई. त्यांनी काकांना ओळखलं, काकांनी त्यांना ओळखलं, आणि दोघांनीही तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. व्यवसायाचा काही धर्म असतो. बाईंची तक्रार अशी की त्या एकट्या राहतात आणि बिल चौदा माणसांचं येतं. अर्ज तीनदा केला, तीनदा परत आला. काकांनी कपाटातून फाइल काढली. तिन्ही अर्जांच्या प्रतींवर त्यांचाच शिक्का, नमुना अपूर्ण. रकाना नऊ, कुटुंबप्रमुखाचे नाव. तिन्ही वेळा तिथे एक आडवी रेघ होती.

काका म्हणाले की रेघ हे उत्तर होत नाही.

"घरात मी एकटी आहे," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला गेले तेव्हा तुमच्या शिपायाने सांगितलं, वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं लिहा. वडील गेले. नवरा केला नाही. मग मी काय लिहू?"

काकांनी उद्या या म्हणून सांगितलं. ते त्यांनी सवयीनेच सांगितलं होतं, पण बाई गेल्यावर शेजारच्या टेबलावरचा वसुलीवाला खुर्ची ओढत जवळ आला. चष्म्याच्या दोरीचं वर्णन त्याने काकांच्या तोंडून आठवडाभर ऐकलं होतं. तुमच्या गाडीचं प्रकरण हिच्याच हातात ना, असं म्हणून त्याने डोळा मारला. मासोळी आपणहून जाळ्यात आलीय, आता हिची फाइल हलेल तेव्हा तुमची हलेल, एवढं नुसतं सुचवायचं. काका त्याला नाही म्हणाले नाहीत. दुपारभर ते मनात वाक्यं जुळवत होते. 'आपलं एक काम आहे आमच्याकडे, आमचंही एक आहे आपल्याकडे.' वाक्य चांगलं होतं. ते म्हणताना आपला चेहरा कसा दिसेल, हे बघायला ते हात धुण्याच्या निमित्ताने आरशासमोर जाऊनही आले. तिथे जो माणूस दिसला तो त्यांना त्या शिक्का मारणाऱ्या कंपनीवाल्यासारखा वाटला. ते टेबलाशी परत आले आणि काहीतरी हाताला काम हवं म्हणून त्यांनी नियमांचं मूळ पुस्तक काढलं. रकाना नऊ कशासाठी असतो ते बघायला.

रकाना नऊ कशासाठीच नव्हता. कधीतरी मोठ्या कुटुंबांना सवलत द्यायची योजना होती, तेव्हा तो घातलेला. योजना काका नोकरीला लागायच्या तीन वर्षं आधीच बंद झाली होती. छापखान्यात मात्र ते कोणी कळवलं नव्हतं. बावीस वर्षं काका एका मेलेल्या योजनेच्या दारात पहारा देत उभे होते आणि लोकांना परत पाठवत होते.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा काकांनी अर्ज मंजूर केला आणि मीटर तपासायला माणूस त्याच दिवशी पाठवला. मीटर हवा मोजत होता. नळाला पाणी नसलं की पाइपातून जी हवा सुटायची तिच्यावर तो भरभर फिरायचा आणि बाईंकडून चौदा माणसांच्या वाऱ्याचे पैसे घ्यायचा. बिल दुरुस्त झालं. गाडीबद्दल काकांनी चकार शब्द काढला नाही. याचा त्यांना अभिमान वाटला पाहिजे होता, पण खरं सांगायचं तर ते मनात पैसेच मोजत होते. तीस हजार म्हणजे काही थोडे नव्हेत.

बाईंनी दुरुस्त केलेलं बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं. जायला वळल्या. मग परत वाकल्या.

"तुमचा अर्ज दुरुस्तीच्या खर्चाचा होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दुरुस्तीचे अर्ज आम्ही नाकारतोच. विकताना खोटं वर्णन केल्याचा अर्ज वेगळा असतो, गुलाबी कागदावर. तो कोणी मागतच नाही."

काका त्याच दिवशी अर्धी रजा टाकून गुलाबी कागद मागायला गेले. बाईंनी अनोळखी माणसाला द्यावा तसा तो दिला. या वेळी सही काकूंनी स्वतः केली आणि त्या स्वतः बरोबर आल्या. मुद्दा सत्त्याण्णव, 'मूळ, उत्तम'. शेजारी म्हाताऱ्या कारागिराने दिलेला कापलेल्या बंपरचा तुकडा, एक बाजू रुपेरी, एक हिरवी. बाईंनी तो दिव्याखाली धरून बघितला, पाच प्रश्न विचारले, एक सही कमी होती ती घेतली. ओळखीची सूट काडीचीही नाही. पण अर्ज पुढे गेला. आतून एक मॅनेजर बाहेर आला, त्याने तुकडा बघितला, शिक्का बघितला, आणि प्रकरण इथेच मिटवायचं का असं गोड आवाजात विचारलं. काकूंनी गोड आवाजातच सांगितलं की मिटवू, चेक हातात आल्यावर.

तीन आठवड्यांनी तेवीस हजारांचा चेक आला. मेंदूचे सात हजार कंपनीने नाकारले. चारही सेन्सर बदलून फरक पडत नाही हे दिसल्यावरही पुढे खर्च करणं ही ग्राहकाची स्वतःची बुद्धी, असं पत्रात लिहिलं होतं. काकांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि त्यात काही चुकीचं आहे असं त्यांना म्हणता येईना. सात हजार त्यांनी आपल्या बँकेच्या खात्यातून काढून काकूंच्या मशीनच्या खणात ठेवले. काकूंनी ते मोजले नाहीत, पण त्या दिवशी जेवताना स्वतःहून विचारलं, ऑफिसात काय चाललंय. असं त्यांनी बऱ्याच वर्षांत विचारलं नव्हतं. सासूबाईंना मात्र पटवायला पूर्ण रविवार लागला. गाडीने मुद्दाम चार वेळा मागेपुढे करून आपण मुकी असल्याचं सिद्ध केल्यावरच त्या बसल्या, आणि तेही पुढच्या सीटवर.

सोमवारी काकांनी कपाट उघडलं. रकाना नऊसाठी परत केलेल्या अर्जांच्या प्रती वेगळ्या काढल्या. गेल्या सहाच वर्षांच्या, तरी चारशे अकरा भरल्या. नवीन नमुना छापून घ्यायचा प्रस्ताव त्यांनी वर पाठवला होता, पण त्याला काही महिने लागणार हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तोवर फोन तरी करू म्हणून त्यांनी पहिला नंबर लावला. आपण पाणी खात्याच्या तक्रार विभागातून बोलतोय आणि आपली तक्रार खरी होती, एवढं ते बोलले. पलीकडच्या माणसाने आपल्याला असल्या फसवणुकीच्या फोनांची चांगली माहिती आहे असं सांगून फोन ठेवला. दुसऱ्या फोनवरच्या बाईंनी पोलिसांचं नाव काढलं. वसुलीवाला तोंडावर रुमाल धरून हसत होता.

तिसऱ्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. काकांनी माफीही मागितली, नियमात नसताना.

"साहेब, ते घर विकून मला चार वर्षं झाली," तो माणूस म्हणाला. "पण तुम्ही फोन केलात, बरं वाटलं. ज्याला विकलं त्यालाही तोच त्रास आहे म्हणे. त्याचा नंबर देऊ का?"

काकांनी पेन उचललं. "द्या," ते म्हणाले.